रविवारी साडेआठची गाडी, आत्याशिवाय

आत्या, तुझ्या फ्लेक्सवरून घरात भांडण झालं. तू जाऊन एक दिवस पण झाला नव्हता. मोठ्या काकांनी शहाडवरून येता येता उल्हासनगरच्या फ्लेक्सवाल्याला तुझा फोटो पाठवला, आणि संध्याकाळी तू गल्लीच्या तोंडावर लागलीस. अंगावर मोरपिशी पैठणी, खांद्यावर शाल. खाली लिहिलंय, प्रेमळ, मनमिळाऊ, शांत स्वभावाच्या.

शांत. तू. जिचा आवाज ऐकून समोरची रिक्षा आपोआप मागे जायची, ती.

फोटो मीच काढलेला होता तो. बारवी धरणाच्या रस्त्यावर. तू व्हॅनमध्ये बसलेली, पांढरा शर्ट, बाह्या वर केलेल्या, डोळ्यांवर काळा गॉगल, एक हात स्टेअरिंगवर. त्यांनी शर्टाच्या जागी पैठणी लावली, स्टेअरिंग कापलं, आणि गेलेल्या बाईला गॉगल बरा दिसत नाही म्हणून कॉम्प्युटरवर दुसरेच डोळे बसवले. ते डोळे कुणाचे आहेत मला माहीत नाही. ते माझ्याकडे बघून हसतात. तू माझ्याकडे बघून कधी फुकट हसली नाहीस.

मी काकांना बोलले, ही आत्या नाहीये. तर ते बोलले, "अगं पिंकी, चार लोक बघणार. ड्रायव्हर म्हणून लावायची का तिला?"

हो. ड्रायव्हर म्हणूनच लावायची. म्हणून मी हे टाइप करायला बसलेय. फ्लेक्सवर जेवढं कापलं तेवढं इथं ठेवते. चुका झाल्या तर होऊ देत, मी मागे जाऊन वाचणार नाहीये. मागे गेले तर रडेन, आणि रडायला मला आत्ता वेळ नाही.

ज्यांना तू माहीत नाहीस त्यांना मी काय सांगू? सोमवार ते शनिवार तू अंबरनाथ ईस्टची पोरं शाळेत सोडायचीस. रविवारी त्याच व्हॅनमध्ये परदेशात शिकायला आलेली पोरं घेऊन फिरायला जायचीस. आता परदेश म्हणजे कुठला, तर हा, आपलाच. हे माझ्या डोक्यात शिरायला पण वेळ लागला. आपल्याकडे परदेशात शिकायला म्हणजे कुणाचा तरी पोरगा कॅनडाला जातो आणि गल्लीत पेढे वाटतात. पण टांझानियाच्या नीमासाठी परदेश म्हणजे अंबरनाथचं पालेगाव. तिकडे तिची आई शेजारणींना सांगत असणार, आमची नीमा फॉरेनला शिकते. आणि नीमा इकडे फार्मसी कॉलेजने बघून दिलेल्या फ्लॅटमध्ये, चौथ्या माळ्यावर, शनिवार रविवार खिडकीतून समोरची अर्धी बांधलेली बिल्डिंग बघत बसलेली.

नीमाच्याच बिल्डिंगमध्ये तू एका पहिलीच्या पोराला सोडायचीस. शनिवार होता, तीन वर्षं झाली त्याला. गेटवर तिघं उभे होते. नीमा, मलावीचा जोसेफ आणि श्रीलंकेची संदुनी. रिक्षा येत होती, ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता आणि पुढे जात होता. दुसरी आली, ती पण तशीच. मग बाईकवरून दोन पोरं गेली आणि जाता जाता जोसेफला काहीतरी बोलून गेली. तू मला ते काय होतं कधी सांगितलं नाहीस. तू फक्त व्हॅन थांबवलीस.

"कहाँ जाना है?"

"कहीं भी, मॅडम," जोसेफ बोलला.

"कहीं भी नहीं जाती मेरी गाडी. कल संडे है. साडेआठ बजे नीचे खडे रहना. लेट होगा तो छोडके जाएगी."

घरी येऊन मला बोललीस, "पिंके, तुझं इंग्लिश बरंय ना? उद्या चल."

"कुठं?"

"ते उद्या बघू."

आणि तू खरंच काही बघितलं नव्हतंस. गाडी काढली, तिघं बसले, तू निघालीस आणि तुझे हात नेहमीच्या रस्त्याला लागले. पहिला चौक, डावीकडे, गणपती मंदिरापाशी स्पीडब्रेकर, मग सरळ. मला वाटलं शॉर्टकट असेल. तू नेऊन व्हॅन शाळेच्या गेटसमोर लावलीस आणि दोनदा हॉर्न मारलास. रविवारी. गेट बंद. वॉचमनकाका बनियनवर बाहेर आले. "बाई, आज सुट्टी हाय."

मी मागे तोंड दाबून हसत होते. तू आरशातून माझ्याकडे बघितलंस, मग वॉचमनकाकांकडे. "म्हायतीये मला. उघडा गेट. पोरांना शाळा दाखवायची आहे."

तर आपली पहिली सहल म्हणजे बंद शाळा. सहा फुटाचा जोसेफ पहिलीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसला होता. नीमाने फळ्यावर तिच्या भाषेत तिच्या शाळेचं नाव लिहिलं आणि बघता बघता चार ओळी लिहून काढल्या, आम्हाला एक अक्षर कळलं नाही, आणि ती इतकी खूश होती की कुणी विचारलं पण नाही. वॉचमनकाकांनी चहा केला. तीन वर्षं मी तुझ्या मागे लागले होते की कबूल कर, हात सवयीने वळले. तू शेवटपर्यंत बोलत राहिलीस, "माझा प्लॅन होता तो." आत्या, नव्हता. आता तरी ऐक. नव्हता.

पण तिथनंच तुझा नियम निघाला. जिथं आपल्याला कोणी ओळखतं तिथंच जायचं. टुरिस्ट लोकांची लाईन लागते तिथं नाही. उल्हासनगरच्या कॅम्प चारला तुझ्या ओळखीच्या सिंधी अंकलकडे दाल पकवान खायला नेलंस. अंकलनी नीमाला बघून पकवानवर चटणी जास्त टाकली आणि विचारलं, "बेटा, घर याद आता है?" ती हो बोलली. "हमारा बाप भी बाहर से आया था. सामान में एक कढ़ाई थी बस. ये वही है." त्या कढईला जोसेफ असा बघत होता की जसा कोणी म्युझियममध्ये बघेल. तू बोललीस, "बघू नको. खा. गार झालं की वातड होतं."

शिवमंदिराला गेलो तेव्हा सेल्फीवाल्यांनी घेरलं. कोणी विचारत नव्हतं, नुसते बाजूला येऊन उभे राहत होते आणि फोन वर. जोसेफ बिचारा प्रत्येकाला हसून देत होता. तू पुढे जाऊन उभी राहिलीस. "आधी नाव सांगायचं आपलं. मग त्याचं विचारायचं. मग फोटो."

"काकी, एक फोटोच तर आहे."

"माझ्या घरचं पोरगं आहे ते. पुतळा आहे काय?"

अर्धे पळाले. बाकीचे थांबले. त्यातला एक शहाडचा निघाला, फॅक्टरीत फिटर, तो पुढचा अर्धा तास जोसेफबरोबर पायरीवर बसून फुटबॉलवर बोलत होता. कुठल्या भाषेत, देवाला माहीत. देव मानत नव्हतीस तू, पण मी काय बोलतेय ते तुला कळतंय.

आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण वालधुनीवर झालं. तू त्यांना नदीच्या पुलावर नेऊन उभं केलंस. ती नदी, जिच्यावरून जाताना आपण पण नाकाला ओढणी लावतो. त्या दिवशी पाणी जांभळट होतं आणि वर फेस. मला इतकी लाज वाटली ना आत्या. मी तुला मराठीत, दात दाबून बोलले, हे कशाला दाखवतेस, ते काय बोलतील घरी जाऊन? धबधबा दाखव, कोंडेश्वर दाखव, हे काय आहे?

तू तिथल्या तिथे मला झापलंस. "पाहुणे आहेत की शेजारी, आधी ठरव. पाहुण्याला हॉलमध्ये बसवतात. शेजाऱ्याला आपली मोरी पण माहिती असते."

"तरी पण."

"तरी पण काय? मी अकरा वर्षं एमआयडीसीत पॅकिंगला काढली. या पाण्याला थोडा माझा पण हात लागलाय. पगार घेतला तेव्हा नाक दाबलं नव्हतं मी."

नीमाला काही कळलं नव्हतं. पण तिने पाण्याकडे बघितलं आणि सांगितलं की तिच्या शहरात पण अशी एक नदी आहे आणि तिकडे येणाऱ्या पाहुण्यांना गाडी फिरवून दुसऱ्या रस्त्याने नेतात. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं नाही. मला अजून पण वाटतं की धबधबा आधी दाखवायला पाहिजे होता. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

तुला ते मोठी माणसं आहेत हे कधी पटलंच नाही. "बेल्ट लाव. हात आत. खिडकीतून काय टाकायचं नाही." चोवीस वर्षांच्या माणसाला. बसताना डोकी मोजायचीस, उतरताना डोकी मोजायचीस. शाळेच्या पोरांना घरचं माणूस गेटवर आल्याशिवाय सोडायची नाहीस, तसंच यांना पण. यांच्या घरचं कोण येणार? समुद्रापलीकडे घर. मग तू वॉचमनला बोलवायचीस, "हे तिघं आले, बघ, मोजून घे." पहिल्या वर्षी तो वॉचमन तोंड वाकडं करायचा. दुसऱ्या वर्षी तोच विचारायला लागला, आज संदुनी का नाही आली, ताप आहे का? तिघांचे सात झाले, व्हॅन भरायला लागली.

लोक बोलायचेच. "सुमनबाईंना लय फॉरेनची हौस." मी पण ऐकायचे. आणि आत्या, आता ते सांगते जे मला सांगायचं नाहीये.

तुझ्या शेवटच्या रविवारी सकाळी ऊन आठलाच चटका देत होतं. शाळा मे महिन्याच्या सुट्टीत. तुला जिना उतरतानाच दम लागत होता, मी बघितलं. मी बोलले, नको जाऊ आज. तू बोललीस, "मग तू चालव. लायसन्स कशाला काढून दिलं तुला? मी बाजूला बसते."

माझ्या मैत्रिणींबरोबर माझं मॉलला जायचं ठरलं होतं. एवढंच होतं कारण. मी ते सांगितलं नाही. मी सांगितलं, "तुला ना आत्या, फक्त लोकांना दाखवायचंय. बाकी काही नाही. तुला कोण बोललं हे सगळं करायला?"

तू उत्तर दिलं नाहीस. तू. पंचावन्न वर्षांत जिने एक टोमणा उधार ठेवला नाही. पाण्याची बाटली उचललीस आणि गेलीस. दुपारी परत आलीस तेव्हा मी झोपल्याचं नाटक केलं. सोमवारी तू दिवसभर पडून होतीस आणि मी कॉलेजला. मंगळवारी सकाळी हॉस्पिटल, आणि दहा वाजता डॉक्टर बाहेर आले.

लोक सांगतात, असं मनात ठेवू नकोस, ती विसरली असेल. तू काही विसरणारी नव्हतीस. मला ते खोटं नको आहे. आणि सॉरी पण मी बोलणार नाही, कारण मला माहिती आहे तू काय बोलली असतीस. "सॉरीचं काय करू? टायरमध्ये हवा बघ."

बघितली हवा. डावा मागचा कमी होता.

आता या आठवड्याचं सांगते. नीमाची परीक्षा संपली, बुधवारी तिचं विमान. कायमचं. म्हणजे हा तिचा शेवटचा रविवार, हे तुला पण माहिती होतं, तूच कॅलेंडरवर गोल केला होतास. आणि घरच्यांनी जलदान विधी नेमका रविवारी अकराला ठेवला. गुरुवारी आपल्या रविवारच्या ग्रुपवर नीमाचा मेसेज आला. आम्ही आत्याला भेटायला येऊ शकतो का? "भेटायला" असंच लिहिलं होतं.

मी पप्पांना विचारलं. पप्पांच्या आधी काका बोलले. "विधी आहे, सहल नाही. गल्ली त्यांनाच बघत बसेल. नंतर बोलव कधीतरी चहाला."

"नंतर नाहीये काका. बुधवारी जातेय ती."

"मग फोनवर बोल."

रविवारी सकाळी साडेसातला मी पप्पांकडे व्हॅनची चावी मागितली. मंगळवारपासून चावी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

"कशाला?"

"पालेगावला. पोरांना आणायला."

"रिक्षाने येऊ दे."

"रिक्षावाले त्यांना घेत नाहीत पप्पा, तिथनंच तर सगळं सुरू झालं."

पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. मग बोलले, "पिंकी, ती गाडी चालू झालेली मला ऐकवणार नाही. अजून नको. तिच्या सीटवर अजून कोणी बसायला नको."

मला माहिती आहे आत्या, तुझा लहान भाऊ आहे तो, तुझ्याच खांद्यावर मोठा झालाय. तरी मी बोलले, "मग काय करायचं पप्पा, सीटला हार घालायचा? आत्याने कधी कशाला हार घातला?"

मला तोंडात मारतील असं वाटलं. मारलं नाही. शर्ट खुंटीला होता. मी त्यांच्यासमोर खिशात हात घालून चावी घेतली. ते बंद टीव्हीकडे बघत राहिले.

तीनदा गाडी बंद पडली. तिसऱ्यांदा पालेगावच्या चढावर, मागे डंपर. डंपरवाला शिव्या घालत होता, मी खिडकीतून त्याला तुझ्या आवाजात ओरडून दाखवलं. आला आवाज. पूर्ण नाही, पण आला.

गेटवर सातही जण उभे होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. संदुनीने सगळ्यांना सांगितलं होतं की तिच्याकडे असंच असतं. जोसेफकडे पांढरा शर्ट नव्हता, तो लॅबचा पांढरा कोट घालून आला होता. इस्त्री करून. मी हसले आणि मग मला हसू थांबवता येईना आणि ते हसू नव्हतंच. जोसेफ बोलला, "पिंकी, गाडी मैं चलाऊँ?" मी बोलले, बेल्ट लाव.

मंडपापाशी पोचले आणि गल्ली अडवून खुर्च्या होत्या, म्हणून मी हॉर्न मारला. दोनदा. मला सुचलंच नाही आत्या, मी काय करतेय. सगळ्या मंडपाने एकदम मान वळवली. पप्पा उठून उभे राहिले. एक सेकंद, फक्त एक, सगळ्यांना वाटलं की तू आलीस. मग दार उघडून मी उतरले.

काका पुढे आले. "त्यांना मागे खुर्च्या टाकून दे."

"सतरंजीवर बसतील. पुढे."

"पुढे घरचे बसतात."

"म्हणून तर पुढे."

मी त्यांना नेऊन पुढे बसवलं. बुद्धांच्या मूर्तीसमोर मेणबत्त्या लागल्या, बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील सुरू केलं, आणि माझ्या बाजूने अजून एक आवाज यायला लागला. संदुनी. तेच शब्द, चाल जरा वेगळी, आपण जिथं थांबतो तिथं ती ओढत होती. आपण घाईत म्हणतो, ती सावकाश. हळूहळू सगळेच सावकाश झाले. बौद्धाचार्यांनी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं आणि ते पण तिच्यासाठी थांबायला लागले. पाणी ओतायची वेळ आली तेव्हा ती न सांगता पुढे सरकली आणि पप्पांच्या मनगटाला हात लावून बसली. तिकडे असं करतात, ती नंतर बोलली, ओतणाऱ्याला सगळ्यांनी हात लावायचा. नीमाने तिच्या दंडाला हात लावला, जोसेफने नीमाच्या खांद्याला, मी जोसेफच्या. पाणी ताटात पडत होतं, निम्मं बाहेर.

संपल्यावर काका माझ्या कानाशी आले. एकदम मऊ आवाज. "ही आपल्यातलीच आहे की. आधी सांगायचं ना."

आणि आत्या, तिथं मी शांत बसायला पाहिजे होतं. काका मोठे आहेत, रडलेले होते, चांगलंच बोलत होते. पण माझं डोकं फिरलं. "काका, जोसेफ चर्चला जातो. त्याला यातली एक ओळ येत नाही. नीमाला पण नाही. मग ते कुणातले?"

काका जोसेफच्या कोटाकडे बघायला लागले. मी बोलले, "ते पण आत्याचेच आहेत."

मग चार शब्द बोलायची वेळ आली. काका उठले आणि फ्लेक्स वाचल्यासारखं बोलले, मनमिळाऊ, शांत. मी बोटं मोडत बसले होते. तेवढ्यात नीमा उठली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. हातात माईक आला तर तिला तो कुठे धरायचा कळेना. "आत्या मुझे बहुत डाँटती थी," ती बोलली. "मेरी मम्मी भी इतना नहीं डाँटती. मैं पहले दिन रोई. दूसरे दिन मैं नीचे पाँच मिनट पहले खडी थी." मंडपात कोणीतरी फिसकन हसलं. मग ती मराठीत बोलली, तिचं तिचं मराठी. "इथं मला सगळे बघत होते. आत्या ओरडत होती. ओरडतात तर आपलं असतं ना?"

तिने "जय भीम" केलं आणि खाली बसली. सगळ्या मंडपाने तिला उलट जय भीम घातला, मागच्या खुर्च्यांपासून. काकांनी पण. मला दिसलं.

जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, आज तुझा रविवार, कुठं जायचं? ती बोलली जांभळं. गेल्या वर्षी तू नेलं होतंस ना बदलापूरच्या पुढे. तर भर दोन वाजता, विधीच्या दिवशी, पांढरे कपडे घालून आठ जण आम्ही जांभळं खायला गेलो. लोकांनी बघितलं. बघू देत. जोसेफचा लॅबचा कोट आता लॅबच्या कामाचा राहिला नाही. नीमाने जीभ बाहेर काढून आईला व्हिडिओ कॉल केला. आई तिकडून काहीतरी लांबलचक बोलत होती, नीमा रडत हसत होती, आणि मी लांब जाऊन व्हॅनला टेकून उभी राहिले. इंजिन गरम होतं. मला वाटलं आता तरी मला हलकं वाटेल. नाही वाटलं.

तेच तुला सांगायचं आहे. हा रविवार केला म्हणजे त्याच्या आधीचा रविवार पुसला गेला असं काही झालं नाही. तू माझ्यावर रागावून गेलीस की नुसती दमली होतीस, हे मला कधीच कळणार नाही. मी आता रोज तेच धरून बसणार नाही आणि ते टाकून पण देणार नाही. ते माझ्याबरोबर व्हॅनमध्ये बसेल. जागा आहे.

आज सकाळी काकांचा फोन होता. "केलंस ना मनासारखं? आता पुरे." पप्पांनी फोन माझ्याकडून घेतला आणि बोलले, "दादा, गाडी चालू राहिली नाही तर बॅटरी उतरते." एवढंच. मग ते बादली घेऊन खाली गेले आणि व्हॅन धुवायला लागले. तुझी सीट पुसताना ते थांबले होते जरा, मी गॅलरीतून बघत होते, मग पुसली.

तू कधी कुणाला विचारलं नाहीस कुठं जायचं. मी ग्रुपवर विचारलं. जुलैमध्ये दोन नव्या मुली येतायत, त्यांना पण संदुनीने ॲड केलंय. पाच मिनिटांत अठरा मेसेज. सगळ्यांना समुद्र पाहिजे. मी लिहिलं, समुद्रावर आपल्याला कोणी ओळखत नाही. मला माहिती आहे तू हेच बोलली असतीस, आणि का, ते पण माहिती आहे. तिथं कोणी काही बोललं तर हाक मारायला ना वॉचमन, ना सिंधी अंकल. तुला भीती वाटायची. ओरडायचीस म्हणून कुणाला कळायचं नाही, मला कळायचं. पण आत्या, ही पोरं तर हजारो किलोमीटर अशाच ठिकाणी आली जिथं त्यांना एक माणूस ओळखत नव्हतं. आणि आपण एवढं घाबरायचं?

म्हणून मी हो लिहिलं. समुद्र लांब आहे, गाडी घाटात गरम होणार, मला हायवेवर अजून नीट चालवता येत नाही आणि पप्पा मागच्या सीटवर बसून पूर्ण रस्ता ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबणार. तरी जाणार आहे. तुला पटत नसेल तर ये, आणि अडव मला.